फोटोत मिशा असलेली मानसतज्ज्ञ

"तू माणसं सांभाळ, कागद माझ्यावर सोड!"

असं फाईलराव बायकोला छातीठोकपणे म्हणाले, तेव्हा नकाशांच्या कचेरीत एकतीस वर्षं कागदाला कागद जोडल्याची सगळी ऐट त्यांच्या आवाजात होती. फाईलराव हे नाव मेव्हणीने ठेवलेलं. निवृत्त झाल्यावरही माणूस मिक्सरच्या वॉरंटीची स्वतंत्र फाईल ठेवायचा, आणि सगळ्या फायलींची यादी आणखी एका फायलीत!

बायको मानसतज्ज्ञ. पुढच्या खोलीत तिचं समुपदेशन चाले. दोन खुर्च्या, एक टेबल, कागदी रुमालांचा डबा. बावीस वर्षं हे सुरळीत चाललं होतं. यंदा परवान्याची मुदत संपत आली आणि अर्ज भरण्याचं काम फाईलरावांनी अंगावर घेतलं. तिच्या पदव्या जोडल्या, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं जोडली, सगळं तीनतीनदा तपासलं. फक्त संगणकावर खातं उघडताना ओळखपत्र स्वतःचं दिलं!

बाराव्या दिवशी परवाना आला. शिक्का झकास, सही झोकदार, आणि फोटोत मिशा!

"अहो, या कुणाच्या?" बायकोने विचारलं.

"माझ्याच," फाईलराव कसेबसे म्हणाले.

झालं! सरकारदरबारी फाईलराव मानसतज्ज्ञ झाले आणि बायको कुणीच उरली नाही. त्यांनी घाईघाईने परवाना देणाऱ्या परिषदेच्या कचेरीत फोन लावला.

"दुरुस्ती होईल की," तिकडचा कारकून म्हणाला. "आधी परवाना परत करा. सोबत तुमचे पेशंट दुसऱ्याकडे सोपवल्याचं पत्र जोडा."

"मला एकही पेशंट नाही हो!"

"मग तसं पेशंटकडून लिहून आणा."

फाईलरावांनी फोन ठेवला. आयुष्यभर त्यांनी लोकांना असंच पळवलं होतं. आज पहिल्यांदा स्वतः पळत होते!

त्यात परवानाधारकांची यादी संगणकावर कुणालाही दिसायची. दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या आजी दारात. "बोलला नाहीत कधी! आता माझ्या सुनेबद्दलचं गाऱ्हाणं ऐका." फाईलराव स्वयंपाकघरात पळाले आणि आतून कडी लावून बसले.

बायकोने मात्र खोली बंद ठेवली. येणाऱ्यांना तिने फोन करून ओळखीच्या मानसतज्ज्ञांचे नंबर दिले.

"त्यांच्याशी बोलायला काय हरकत आहे?" फाईलराव चाचरत म्हणाले. "तुला सगळं येतं, हे काय कुणाला माहीत नाही?"

"उद्या कुणीही पाटी लावून असंच म्हणेल. लोक आपलं मन उघडं करतात हो इथे. नियम आहे तो त्यांच्यासाठी आहे."

एकाला मात्र फोन लागलाच नाही. तो होता बसचा ड्रायव्हर. चार महिन्यांपूर्वी अपघात झाल्यापासून स्टिअरिंग हातात धरलं की त्याला दरदरून घाम फुटे. गुरुवारी दहाच्या ठोक्याला तो आला. दार फाईलरावांनी उघडलं.

"मॅडम आहेत?"

"आहेत, पण त्यांना परवाना नाही. परवाना मला आहे, पण मला काही येत नाही!"

ड्रायव्हर हसतच सुटला. "म्हणजे गाडी कंडक्टरने चालवायची आणि मी तिकिटं फाडायची!" हसून हसून तो पायरीवरच बसला. मग डोळे पुसत उठला आणि हळूच म्हणाला, "पण पुढच्या गुरुवारी असतील ना? महिनाअखेर मला कामावर हजर व्हायचंय. मॅडमशिवाय नाही जमायचं."

दुसऱ्याच दिवशी फाईलराव परिषदेच्या कचेरीत जाऊन ठाण मांडून बसले, आणि मंगळवारची सुनावणी मिळवूनच उठले.

मंगळवारी दोघं हजर झाले. लांबलचक टेबलामागे तीन सदस्य. मधल्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "परवाना चुकून मिळाला म्हणता. मग तुम्हाला या कामातलं काही येत नाही, हे आम्हाला पटू द्या."

एवढंच ना! फाईलराव खूश झाले. न येण्यात कसली अडचण?

"समोरचा माणूस रडायला लागला, तर काय कराल?"

"काही नाही. रुमालांचा डबा जवळ सरकवायचा आणि गप्प बसायचं."

सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"त्याने सल्ला मागितला तर?"

"त्यालाच विचारायचं, तुम्हाला काय वाटतं? मी भाजी कुठली आणू विचारलं तरी ही हेच म्हणते!"

"आणि तुम्हाला न झेपणारा कुणी आला तर?"

"तसं तोंडावर सांगायचं. गुरुवारीच सांगितलं एकाला."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "अहो, यांना तर बरंच येतं!"

बायको ताडकन उठली. "काही येत नाही हो यांना! अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मी रागावलेय हे यांना एकदाही कळलेलं नाही!"

"असं?" अध्यक्षबाई फाईलरावांकडे वळल्या. "सांगा पाहू, आत्ता तुमच्या पत्नीला काय वाटतंय?"

फाईलरावांनी नीट निरखून पाहिलं. बायकोचे कान लाल झाले होते, नाकपुड्या फुलल्या होत्या, हातातल्या पर्सच्या पट्ट्याची तिने पिळून पिळून दोरी केली होती. फाईलरावांनी अगदी प्रामाणिकपणे विचार केला.

"दमलीये," ते म्हणाले. "आणि बहुतेक भूक लागली असावी."

तिन्ही सदस्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग फाईलरावांकडे. अध्यक्षबाईंनी कागद पुढे ओढला.

"चूक सिद्ध झाली!"

तासाभरात नवा परवाना हातात पडला. नाव बायकोचं, फोटोही बायकोचा. तिने लगेच ड्रायव्हरला फोन लावला. या वेळी त्याने पहिल्याच घंटीला उचलला. "गुरुवारी दहाला या," एवढंच ती म्हणाली, आणि पलीकडून आलेला सुस्कारा शेजारी उभ्या फाईलरावांनाही ऐकू आला.

कचेरीच्या पायऱ्या उतरताना त्यांनी दबकत विचारलं, "खरंच रागावली होतीस?"

"हो."

"आणि आता?"

"ओळखा तुम्हीच."

फाईलराव थांबले. या वेळी चुकायचं नाही, असं ठरवून त्यांनी तिचा चेहरा दोनदा वरपासून खालपर्यंत तपासला.

"रागावलीयेस," ते ठामपणे म्हणाले.

"अहो, आता भूक लागलीये!"