झोपलेल्या ताग्याचं माप

कात्रीकाकूंनी कुत्र्याचं माप घेतलं ते तो झोपलेला असताना, आणि पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू झाला.

बाईंचा हात अडतीस वर्षं टेपवर. दुसऱ्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, कापड बेतायचं लांबलचक टेबल, आणि कोपऱ्यात तीन चाकांवर उभा असलेला एक कापडी पुतळा. बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्यांची मापं त्यांच्या लाल वहीत. कात्रीकाकू हे नाव कामामुळे पडलं असं त्या सांगायच्या. जिभेमुळे पडलं असं बाकीचे सांगायचे, पण तळमजल्यावर जाऊन आणि हळू आवाजात.

काका गेल्यापासून दोन वर्षं जो तो काकूंना लहान माप लावत होता. लेक दातांची डॉक्टर, राहायला गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिनं आधी लहान कुकर आणून दिला. मग लहान फ्रीज. मग म्हणाली, आता घरही जरा लहान बघू या, माझ्या जवळपास. काकूंनी कुत्रा आणणार म्हणून जाहीर केलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "बरं, आण. पण लहानसा आण. मांडीवर बसेल असा."

"मांडीवर बसायला तू होतीस की," काकू म्हणाल्या. "आता माझ्या बरोबरीनं चालेल असा हवाय."

बेवारस कुत्र्यांना कायमचं घर मिळेपर्यंत आपल्या घरी सांभाळणारी माणसं असतात. पोहायला शिकवणाऱ्या एक बाई त्यातल्याच. गळ्यात कायम शिट्टी. त्यांच्याकडे चार महिने एक तपकिरी कुत्रा पडून होता, त्याला बघायला काकू गेल्या. बाई खरं बोलणाऱ्या होत्या, निम्मं तरी. त्यांनी सांगितलं की पहिल्या घरानं त्याला आठ दिवसांत परत केलं, दुसऱ्यानं चार दिवसांत. तिसऱ्या घरी त्याला सोडून बाई माघारी आल्या, तर ती मंडळी कुत्र्यासकट यांच्याच फाटकात धापा टाकत उभी. आम्ही याला आणलं नाही, यानं आम्हाला आणलं, म्हणाली. आता बाईंची बदली झाली होती, पुढच्या महिन्यात निघायचं होतं. मग तो जाणार कुत्र्यांच्या संस्थेच्या शेडमध्ये. तिथे लहान कुत्री लोक उचलून नेतात, मोठी जाळीला नाक लावून बसतात.

बाईंनी सांगितलं नाही ते एवढंच, की काकू यायच्या म्हणून सकाळीच त्यांनी त्याला तलावात चाळीस फेऱ्या मारायला लावल्या होत्या. त्यामुळे काकू पोचल्या तेव्हा तो लाकडी बाकावर चारी पाय पसरून मेल्यासारखा झोपलेला. जवळ जाऊन बसल्या तर त्यानं डोळे न उघडताच पंजा यांच्या हातावर ठेवला. झालं, काकूंच्या बाजूनं व्यवहार तिथेच पक्का.

पण बिल्डिंगचा अकरावा नियम होता. कुत्रा पाळायचा तर त्याची उंची माणसाच्या गुडघ्याच्या आत हवी. काकूंनी पिशवीतून टेप काढला. माणसाचं माप उभं घेतात हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पण कापड टेबलावर आडवं पसरून मोजतात, आणि समोर बाकावर जे पसरलं होतं ते बघून हात आपोआप तसाच चालला. चौदा इंच. अर्ज लिहिला: रंग तपकिरी, उंची चौदा इंच, स्वभाव झोपाळू.

अर्ज गेला सेक्रेटरींकडे. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, सगळे त्यांना मोजणीसाहेब म्हणायचे. स्टीलचा टेप ते अजून कमरेला लावून फिरायचे. आयुष्यात त्यांचं तत्त्व एकच, टेप दाखवेल ते लिहायचं, माणूस सांगेल ते नाही. त्यांनी पंधरा दिवसांची कच्ची परवानगी दिली. पंधराव्या दिवशी कुत्र्याला ते स्वतः मोजणार, मगच पक्कं पत्र. आणि पक्कं पत्र नसेल तर कुत्र्यांची संस्था कुत्रा ठेवू देणार नव्हती.

बाईंनी कुत्र्याला गाडीनं फाटकापर्यंत आणून सोडलं. तोवर त्याची गाडीतली झोप झाली होती. तो उठला. आधी पुढचा भाग उठला, मग मागचा उठला, आणि आता झाला म्हणेपर्यंत मधला आणखी थोडा वर आला. काकू बघतच राहिल्या. गुंडाळलेला असतो तोवर कळत नाही किती आहे ते, आणि उलगडला की खोलीभर होतो, म्हणून त्यांनी तिथल्या तिथे त्याचं नाव ठेवलं तागा. नाव ठेवून होतंय तोच ताग्यानं जिना बघितला. दोन मजल्यांच्या चव्वेचाळीस पायऱ्यांपैकी आपला पाय चार पायऱ्यांना लागला असं काकू सांगतात. तळमजल्यावरची म्हातारी म्हणते की चार जास्तच झाल्या, तिनं दोनच मोजल्या.

चूक ध्यानात आल्यावर काकूंनी दुसऱ्याच दिवशी नीट माप घ्यायला टेप काढला. लहान मुलं मापाला घाबरतात, म्हणून एका हातानं टेप लावायचा आणि दुसऱ्या हातानं पाठ खाजवत बोलत राहायचं, ही त्यांची जुनी सवय. ताग्याला ती फारच आवडली. पाठ झाली, मग त्यानं पोट पुढे केलं. दोन दिवसांत अशी गत झाली की काकूंच्या हातात टेप दिसला की हा जमिनीवर सपाट. शेवटी तो खिडकीशी उभा असताना काकूंनी चौकटीवर गुपचूप खडूची खूण केली आणि नंतर ती मोजली. एकोणतीस इंच. वहीत लिहिलं, आणि वही मिटून बराच वेळ तिच्यावर हात ठेवून बसल्या.

लेकीचा फोन आला. खडूच्या खुणेचं ऐकल्यावर ती म्हणाली की आई, हट्ट पुरे झाला, रविवारी मी येते आणि त्याला पोचवून टाकते.

"ये की," काकू म्हणाल्या. "लांबचा फेरा आहे, चहा पिऊन जा."

तरीही हे सगळं गुपचूप निभावलं असतं. पण दहाव्या दिवशी मोजणीसाहेबांचा कोट मध्ये आला. त्यांच्या खात्यातल्या जुन्या लोकांनी त्यांचा सत्कार ठरवला होता, आणि त्यासाठीचा काळा कोट काकू शिवत होत्या. कोट कच्च्या टाक्यांवर पुतळ्याच्या अंगात. काकूंना बाही जोडायला दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून त्यांनी ताग्याचा पट्टा जवळात जवळच्या जड वस्तूला बांधला. म्हणजे पुतळ्याला. आणि त्याच वेळी पोहणाऱ्या बाई कुत्रा कसा आहे ते बघायला आल्या, आणि फाटकातून, सवयीनं, त्यांनी शिट्टी मारली.

तलावावर शिट्टीचा अर्थ एकच असतो, असाल तिथून निघा. तागा निघाला. त्याच्यामागे तीन चाकांवर काळा कोट निघाला. जिन्यात चाकांचा असा काही खडखडाट झाला की प्रत्येक मजल्यावरची दारं उघडली. लोकांनी पाहिलं ते असं, की एक घोड्याएवढा कुत्रा मोजणीसाहेबांना ओढून नेतो आहे आणि साहेब ताठ मानेनं, एक शब्द न बोलता, चाललेत. खरं तर मान नव्हती, डोकंही नव्हतं. पण ते कुणाच्या लगेच लक्षात आलं नाही. एक जण म्हणाला, धरा त्यांना. दुसरा म्हणाला, राहू द्या, उगाच मध्ये पडलो तर नोटीस काढतील.

आवाज ऐकून मोजणीसाहेबही बाहेर आले. कुणाला ओढतोय, कुणाला ओढतोय, असं विचारत ते जिन्याच्या कठड्याशी पोचले आणि त्यांनी खाली स्वतःला फाटकाकडे जाताना पाहिलं. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "हा चौदा इंच आहे?"

रविवारी अकरा वाजता खालच्या पटांगणात मोजणी ठरली. बिल्डिंग लोटली. काहींनी तर घरून खुर्च्या आणल्या. लेक आली ती गाडीची मागची सीट जुन्या चादरीनं झाकूनच. पोहणाऱ्या बाई एका बाजूला, शिट्टी मुठीत दाबून. मोजणीसाहेबांनी स्वतःचा गुडघा आधी मोजून जाहीर केला, एकोणीस इंच. तिसऱ्या मजल्यावरच्या एकानं विचारलं की गुडघा साहेबांचाच का, नियमात तर कुणाचा ते लिहिलेलं नाही.

"सगळ्यांचे आहेत माझ्याकडे," काकू म्हणाल्या आणि त्यांनी लाल वही उघडली. "गुडघे आहेत, कमरा आहेत. कुणाची दर दिवाळीला दिवाणखान्याच्या पडद्यागत वाढत गेली, तेही आहे."

 पोटं आत गेली. ज्यांना कुत्र्याविरुद्ध बोलायचं होतं त्यांना आकाशात काहीतरी बघण्यासारखं दिसलं. काकूंनी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली आणि वही मिटली.

"घाबरू नका. गिऱ्हाइकाचं माप मी चारचौघांत वाचत नाही. पण माझी चूक मी चारचौघांत सांगते. हा झोपला होता तेव्हा मी त्याला मोजलं. उभा असला की एकोणतीस इंच आहे. अडतीस वर्षांत पहिलं माप चुकलं माझं. ते लिहा, खाली माझी सही घ्या. पण याला मी परत देणार नाही. तीन घरांनी दिलाय. मी चौथी व्हायची नाही. नियम काढायचा तर काढा, मला काढायचं तर मला काढा."

"आई," लेक म्हणाली.

"तू सीटवरची चादर काढ. चांगली आहे, त्याला अंथरायला होईल."

मोजणीसाहेबांचा चेहरा कडक झाला. "काकू, तुमच्या सांगण्यावर मी चौदा मानलं आणि तोंडघशी पडलो. आता तुम्ही म्हणता एकोणतीस. तुमच्या शब्दावर मी काहीही लिहिणार नाही. टेप दाखवेल तेच लिहीन."

"लिहा," काकू म्हणाल्या.

साहेबांनी कमरेचा टेप काढला आणि सर्रकन ओढला.

तागा त्यांच्या पायांशी सपाट झाला.

साहेबांनी टेप मागे लपवला. तागा उठला. टेप काढला. तागा सपाट. त्यांनी चालता चालता मोजायचा प्रयत्न केला, बोलता बोलता मोजायचा प्रयत्न केला, चौकीदाराला टेप देऊन स्वतः झाडाआड उभे राहिले. लेकीनं दोन्ही हातांनी त्याला पोटाखालून उचलायला बघितलं, तर वर आली तेवढी त्याची कातडी, कुत्रा जमिनीवरच. शेवटी पोहणाऱ्या बाईंना शिट्टी मारायला सांगितली. तागा उठून धावला खरा, पण साहेब टेप घेऊन मागे धावले तसा वाटेतच आडवा झाला आणि साहेब त्याच्यावरून पलीकडे गेले. पडल्या पडल्या त्यांचा एक हात त्याच्या पोटावर राहिला. ताग्यानं त्यांचा कान चाटला आणि त्या हाताखाली पोट आणखी सरकवलं.

सव्वा तास झाला. लोकांनी घरून चहा मागवले. साहेब जमिनीवर मांडी घालून बसले होते, एका हातात टेप, आणि दुसरा हात, त्यांच्या नकळत म्हणा, खाजवत होता.

"तत्त्व म्हणजे तत्त्व," ते शेवटी स्वतःशीच म्हणाले. टेप लावला, चष्मा वर करून वाचला आणि कागदावर लिहिलं: चौदा इंच. शिक्का मारला. फुंकर घालून शाई वाळवली.

टेप कमरेला गेला तसा तागा उठला, दोन पंजे साहेबांच्या खांद्यांवर ठेवले आणि वरून त्यांच्याकडे बघू लागला. साहेबांनी पटांगणाकडे पाहिलं. "मोजणी संपलेली आहे," ते म्हणाले. "यानंतरचं नोंदीत येत नाही."

लेकीनं चादरीची घडी मुकाट्यानं आईच्या हातात दिली. जाताना सांगून गेली की पुढच्या रविवारी मोठा कुकर आणते, दोघांचं त्या लहानात कसं भागेल.

गर्दी पांगल्यावर पोहणाऱ्या बाई जिन्याशी थांबल्या. शिट्टीशी चाळा करत म्हणाल्या, "काकू, एक सांगायचं राहिलं होतं. तो आठच महिन्यांचा आहे. म्हणजे अजून वाढणार."

काकूंनी पट्ट्याचे मनगटाला दोन वेढे दिले आणि समोरच्या चव्वेचाळीस पायऱ्यांकडे पाहिलं.

"वाढू दे की," त्या म्हणाल्या. "झोपल्यावर कुठे उंच होतो तो."