बिनशिक्क्याचा काटा

वजन ही अशी गोष्ट आहे, की जी दुसऱ्याकडे किती आहे हे माणसाला न मोजता कळतं आणि स्वतःकडे किती आहे हे मोजूनही पटत नाही. या मानवी दुर्बलतेवर उपाय म्हणून सरकारने वजनमापे खातं काढलं, आणि खात्याने मला निरीक्षक नेमलं.

गेली बावीस वर्षं मी दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यांतले काटे तपासते. बरोबर असला तर शिक्का, चुकीचा असला तर जप्ती. माझ्या हातालाच वजन कळतं. भाजीची पिशवी उचलली की मी ग्रॅममध्ये बोलते, म्हणून घरातलं कुणी मला बाजारात बरोबर नेत नाही. पण दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं या सगळ्या काळात एक वजन मी विनापडताळणी छातीवर घेऊन हिंडत होते. एक नव्हे, दोन.

सदर वजनांमुळे माझी पाठ दुखायची. नुसती दुखायची नाही, संध्याकाळी घरी आले की मी जमिनीवर आडवी व्हायचे आणि पाठ टेकल्यावर डोळ्यांतून पाणी यायचं. मान आखडायची, बोटांना मुंग्या यायच्या, आणि आतल्या कपड्यांच्या पट्ट्यांनी दोन्ही खांद्यांवर अशा खाचा पाडल्या होत्या की त्यांत पेन्सिल ठेवली तर घरंगळायची नाही. (ठेवून पाहिली आहे. निरीक्षकाने अंदाजावर विसंबू नये.) कामाच्या जागी मात्र मला फार मान मिळायचा. मी दुकानात शिरले की मोठमोठे व्यापारी नजर खाली करून बोलायचे. पहिली दोन वर्षं मला वाटलं, हा नम्रपणा आहे.

शेवटी मी ऑपरेशन करून हे वजन कमी करायचं ठरवलं. 'मी ठरवलं' हा शब्दप्रयोग अर्थातच तांत्रिक आहे. बाईच्या शरीराचा जो भाग सर्वांना दिसतो त्याची मालकी सामाईक असते, त्यामुळे सर्व हितसंबंधितांच्या हरकती मागवणं ओघानेच आलं. एकूण चौदा सल्ले मिळाले. 'व्यायाम कर' हे सहा. 'बारीक हो, आपोआप जातील' हे चार. (मी बारीक झाले होते. चेहरा गेला, हे राहिले.) 'या वयात आता काय करायचंय' हे दोन. नणंद म्हणाली, "अगं वहिनी, लोक पैसे मोजून करून घेतात आणि तू काढून टाकतेस!" मी म्हटलं, देता येत असते तर तुलाच दिले असते गं. त्यानंतर ती महिनाभर बोलली नाही, आणि तेवढा एक सल्ला कमी झाला. नवरा मात्र समंजस. "तुझं शरीर, तुझा निर्णय," असं त्याने स्वच्छ सांगितलं, आणि पुढचे काही दिवस कुणीतरी जवळचं गेल्यासारखा घरात वावरला.

सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या की घरात सगळ्यांनाच घाम फुटतो.

पूर्वतयारी अत्यंत शिस्तबद्ध होती. रक्त तपासलं, छातीची चित्रं काढली, फोटो काढले. समोरून, डावीकडून, उजवीकडून, आणि तोंड वगळून. तोंड वगळण्याबद्दल सर्जनबाईंनी माझी लेखी संमती घेतली. मला गहिवरून आलं. बाकीचे इतकी वर्षं तेच विनापरवानगी करत होते.

मग त्यांनी विमा कंपनीचा नियम समजावला. ऑपरेशनमध्ये डावीकडून आणि उजवीकडून जे निघेल ते तिथल्या तिथे वेगवेगळं मोजतात. ठरलेल्या आकड्याच्या वर भरलं तर तो आजार. खाली राहिलं तर ती हौस. म्हणजे पाठ दुखते की नाही, हे पाठीला विचारायचं नसून काट्याला विचारायचं. मला ही पद्धत मनापासून पटली. माणसाचा शब्द आणि काटा यांत काटाच खरा, या तत्त्वावर तर माझा पगार होतो.

ऑफिसात मी पित्ताशयाचं ऑपरेशन आहे असं सांगितलं. पित्ताशय हा सभ्य अवयव आहे. त्याची चौकशी करताना लोक तुमच्या तोंडाकडे पाहतात.

ठरल्या सकाळी सर्जनबाईंनी मला उभं करून जांभळ्या पेनाने गळ्यापासून खाली रेषा आखल्या, शिंप्याने कापडावर आखाव्यात तशा. मग मला थिएटरात नेऊन आडवं केलं. वर दिवे, बाजूला भूलतज्ज्ञ, त्याच्या हातात सुई. "डोळे मिटा, छान झोप लागेल," असं तो म्हणाला, आणि मी डोळे मिटणार तोच मला स्टीलच्या टेबलावरचा काटा दिसला.

काट्यावरच्या शिक्क्याची मुदत संपलेली होती.

आता सामान्य बाई काय करेल? डोळे मिटेल. मी म्हटलं, "थांबा. या काट्यावर वजन करता येणार नाही."

"बाई, आत्ता?" भूलतज्ज्ञ म्हणाला.

"मुदतबाह्य काट्यावर केलेलं वजन कायद्याने वजनच नव्हे. उद्या विमा कंपनी म्हणेल हौस होती."

सर्जनबाई मास्कच्या वर फक्त डोळे असलेल्या, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते सांगता येत नाही. डोळ्यांत जे होतं ते छापण्यासारखं नाही. "मग शिक्का कोण मारतं?" त्यांनी विचारलं.

"या भागाचे निरीक्षक."

"बोलवा त्यांना!"

"मीच आहे."

"मग मारा की!"

"मी रजेवर आहे," मी पडल्या पडल्या म्हणाले. "शिवाय वजन माझंच आहे. स्वतःच्या मालाला स्वतः शिक्का मारला तर लोक तोंडात शेण घालतील."

मला आणि काट्याला दोघांनाही बाहेरच्या खोलीत आणून ठेवण्यात आलं. माझ्या जागी काम बघणाऱ्या धाकट्या निरीक्षकाला फोन गेला. त्याला ऑफिसात 'उपकलम' म्हणतात, कारण त्याला चहा घेणार का विचारलं तरी तो कुठल्या तरी तरतुदीखाली होय म्हणतो. सर्जनबाई घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "दुपारी थिएटर दुसऱ्या डॉक्टरांना द्यायचंय. ते गृहस्थ वेळेत आले तर ठीक, नाहीतर पुढची तारीख तीन महिन्यांनी."

ते ऐकलं आणि माझं अवसान गळालं. अंगावर पातळ चादर, पोटात कालपासून अन्न नाही, गळ्यापर्यंत जांभळ्या रेषा. मला हे ऑपरेशन हवं होतं. फार हवं होतं. आणखी तीन महिने ती पाठ घेऊन जगायचं या कल्पनेने मला चक्क रडू कोसळलं. आणि हे कुणी केलं? शत्रूने नाही, सासूने नाही, नणंदेने तर नाहीच. मीच आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता, तोही प्रमाणित वजनाचा. सांगून टाकावं, काढा काय ते, मोजूच नका, असं दहा वेळा ओठांवर आलं. पण बावीस वर्षांची सवय, तोंड उघडेना.

उपकलम आला. डोक्याला हिरवी टोपी, पायांत कापडी पिशव्या, हातात प्रमाण वजनांची पेटी. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही, थेट काट्याकडे गेला. (हा मुलगा पुढे जाईल.) वजनं चढवली, उतरवली, पुन्हा चढवली. मग जरा अडखळून विचारलं, "मॅडम, पित्ताशयाला पाच किलोचा काटा लागतो?"

"तुम्ही काम करा."

"करतोय. पण इथे डावं आणि उजवं अशा दोन पट्ट्या चिकटवल्यात. पित्ताशय एकच असतं ना?"

मी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. तेव्हा त्याला कळलं. त्याचे कान इतके लाल झाले की टोपीखालूनही दिसले. "काटा बरोबर आहे मॅडम," तो छताकडे बघत म्हणाला. "एका ग्रॅमचाही फरक नाही." शिक्का मारला आणि पेटी तिथेच विसरून गेला.

म्हणजे काटा पहिल्यापासून अचूक होता. एवढा उपद्व्याप करून मी साधलं काय, तर पित्ताशय रद्दबातल झालं आणि सगळ्या ऑफिसला कळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यानंतर मला भूल दिली. सर्जनबाई सांगतात की एखाद्या पेशंटला झोपवताना थिएटरात एवढा आनंद त्यांनी कधी पाहिला नव्हता.

पुढे विश्रांतीचा काळ. दोन्ही बाजूंनी नळ्या, अंगावर असा घट्ट पट्टा की श्वासालाही परवानगी काढावी लागे, उताणं झोपायचं, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, दोन किलोंच्या वर काही उचलायचं नाही. या शेवटच्या नियमाने मी घरच्यांना जेरीस आणलं. पाण्याने भरलेला जग हातात धरून बघितला आणि दोन किलो शंभर म्हणून परत केला. शेजारणीचं बाळ तर मी नुसतं बघूनच नाकारलं.

डोकं धुवायला सासूबाई आल्या. मी स्टुलावर वाकून बसले, त्या तांब्याने पाणी घालत होत्या. घालता घालता हात थांबला. माझ्या खांद्यावरच्या खाचेवरून त्यांनी एक बोट फिरवलं.

"किती वर्षांच्या गं या?"

"लग्नाच्या आधीपासूनच्या."

तांब्या खाली ठेवला. मग त्यांनी स्वतःचा खांदा उघडा करून माझ्यासमोर आणला. तशीच खाच, माझ्याहून खोल. "आमच्या वेळी दुखतंय म्हणायचीसुद्धा सोय नव्हती," त्या म्हणाल्या. "मान खाली घाल, फेस डोळ्यांत जाईल." मी मान खाली घातली, कारण मला रडताना त्यांना दिसायचं नव्हतं. त्यांनी ते पाहिलं आणि आणखी एक तांब्या ओतला.

भेटीला पुष्कळ लोक आले. कार्यपद्धती सर्वांची एकच: आधी तिकडे बघायचं, मग फळं ठेवायची, मग छताकडे बघत विचारायचं, "मग, किती निघालं?" ऑफिसात म्हणे दोन तट पडले होते. खातं वजनमापांचं असल्यामुळे अंदाज दशांश चिन्हापर्यंत गेले होते. साहेबांनी फोन करून फक्त एवढंच विचारलं, की आकडा शिक्क्याच्या काट्यावरचा आहे ना. नवऱ्यानेही एकदा, दिवा मालवल्यावर, हळूच विचारलं. मी त्याला म्हटलं, तूच सांग. तो खरोखर अंदाज करू लागला.

मी कामावर परत गेले तेव्हा पहिली तपासणी बाजाराच्या तोंडावरच्या धान्यवाल्याकडे होती. हा माणूस मला पंधरा वर्षं ओळखतो. मी आत शिरले, ताठ उभी राहिले आणि म्हटलं, "काटा दाखवा." त्याने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "तुमचं ओळखपत्र? नेहमी येतात त्या बाई कुठे गेल्या?"

त्याचा काटा ऐंशी ग्रॅम मारत होता. जप्त केला. फार बरं वाटलं.

आता आकडा. डावीकडचा, उजवीकडचा आणि एकूण, तिन्ही आकडे शिक्क्याच्या काट्यावर झालेले आहेत, अधिकृत आहेत आणि मला तोंडपाठ आहेत. ते आत्ता येतील, पुढच्या परिच्छेदात येतील, निदान कंसात तरी येतील, या आशेवर आपण इथपर्यंत आलात, हे मला माहीत आहे. नजरांचा अनुभव आहे मला. आकडे मिळणार नाहीत.

आलेला प्रत्येकजण दुसरंही काही विचारेल म्हणून मी वाट बघितली, आपलीही बघितली. सुरुवातीलाच सांगितलं होतं हो, माझी पाठ दुखायची म्हणून. बरी आहे आता.