वेणू खारीच्या माळा

एका जंगलात, मुलांनो, वेणू नावाची एक खार राहत होती. मोहाच्या झाडावर तिची ढोली होती. ढोलीत ती आणि तिची मुलगी बारकी, दोघीच.

वेणू गुंजांच्या माळा करायची. लाल गुंजांमध्ये पांढरी कुठे घालायची आणि मधेच एखादी काळी बी घालून गंमत कुठे करायची, हे तिला बरोबर कळायचं. गुंजांना भोकं पाडायला लागणारे काटे तिला ताराक्का द्यायची. ताराक्का म्हणजे त्याच झाडाच्या मुळाशी राहणारी म्हातारी साळिंदर.

दुपारी दोघी बोलत बसायच्या. काय बोलायच्या? काहीच नाही. मुंग्या यंदा लवकर निघाल्या, गव्याच्या पायाला आता बरं आहे, असलं काहीतरी. त्या गप्पांचा कुणालाच काही उपयोग नव्हता. म्हणून त्या रोज चालायच्या.

माळा सुंदर होत्या, पण खपत नव्हत्या. ढोलीत माळाच इतक्या झाल्या की बारकीला झोपायला जागा उरेना.

त्या हिवाळ्यात तळ्यावर एक करकोचा उतरला. तो दूरदेशीचा होता आणि धंदेवाल्यांना सल्ला देत असे. त्याचा स्वतःचा धंदा कोणता, हे कोणी विचारलं नाही. त्याची मान इतकी लांब होती की तो बोलला की वरून काहीतरी आल्यासारखं वाटे.

"कोणी कशी आहेस विचारलं, तर तू काय सांगतेस?" करकोच्याने वेणूला विचारलं.

"बरी आहे म्हणते."

"इथेच चुकतं तुझं. म्हणायचं, बरी आहे, नव्या माळेत गुंतलेय. विकायचं नाही हं. फक्त बोलायचं. बोलता बोलता माळ आली पाहिजे. दिवसाला अशी दहा बोलणी करायची."

वेणूला हे पटलं. विकायची तिला लाजच वाटायची. बोलायला कसली लाज?

दुसऱ्या दिवशी वानरीण भेटली. "कशी आहेस गं?" म्हणाली. वेणूने शिकवल्याप्रमाणे सांगितलं. वानरिणीने माळ पाहिली, गळ्यात घातली आणि बदल्यात ओंजळभर चारोळ्या दिल्या. वेणू घरी नाचत आली.

मग ती थांबलीच नाही. भेकराने सांगितलं, "थंडी फार पडलीय." वेणू म्हणाली, "हो ना, उघड्या गळ्याला फारच लागते." मोराने सांगितलं, "पिसं गळतायत हो." वेणू म्हणाली, "मग आता लोकांची नजर गळ्याकडे वळवायला हवी." सशाचा थोरला भाऊ कोल्ह्याने नेला, तेव्हा ती भेटायला गेली. पाच मिनिटं गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "त्यांना लाल रंग फार आवडायचा, नाही?" सशाने रडत रडत दोन माळा घेतल्या. वेणूला क्षणभर कसंसंच झालं. पण ते दिवसातलं दहावं बोलणं होतं.

ताराक्काशीही ती आता माळांचंच बोलायची.

"अगं, माझ्या अंगावर काटे. माळ राहील कशी?" ताराक्का म्हणाली.

"अडकवायला तर सोय झाली की तुम्हाला," वेणू म्हणाली.

काही दिवसांनी जंगलात एक शोध लागला. तो गव्याने लावला. त्याने वेणूकडून एक माळ घेऊन शिंगाला बांधली. वेणूने ती लांबून पाहिली, "शोभते हो," म्हणाली आणि न थांबता पुढे गेली. गव्याने ही गोष्ट रानडुकराला सांगितली, रानडुकराने सगळ्यांना. आठवड्याभरात जंगलातलं कोणी माळेशिवाय बाहेर पडेना. मुंगूस तर दोन घालायचा. एक वेणूला दिसली नाही तर दुसरी तरी दिसावी म्हणून.

करकोचा खूश झाला. नव्या धंदेवाल्यांना तो वेणूचं उदाहरण देऊ लागला.

एका सकाळी वेणू गुंजा वेचून परतली, तर ढोलीत बारकी नव्हती. फांद्यांवर नव्हती, झाडाखाली नव्हती. आदल्याच दिवशी वर घार फिरताना दिसली होती. वेणू धावत ताराक्काकडे गेली.

"ताराक्का, माझी बारकी पाहिलीत का?"

ताराक्काने काटे फुलवून माळ दाखवली. "कालच घातलीय गं मी. बारकी नको, हीच बरी आहे."

"माळ नाही हो. माझी बारकी. सकाळपासून सापडत नाहीये."

"एवढी खपतेय? चांगलंय. मग ठेव एक माझ्यासाठी," ताराक्का म्हणाली आणि बिळात शिरली.

वेणू वानरिणीकडे गेली. वानरीण म्हणाली, "बारकी पोरांना छान दिसेल. तीन दे." गव्याने डोळे मिटून घेतले आणि शिंग पुढे केलं. भेकर म्हणालं, "रडून सांगायची काही गरज नव्हती. तशीही घेतली असती."

शेवटी ती तळ्यावर गेली. करकोच्याने सगळं लक्षपूर्वक ऐकलं.

"सुरुवात उत्तम आहे," तो म्हणाला. "ऐकणाऱ्याचं काळीज हलतं. पण यात माळ फार उशिरा येते."

मग वेणू कोणाला काही विचारेनाशी झाली. ती एकटीच वेळूच्या बेटाबेटातून फिरली, हाका मारत राहिली. ऊन उतरलं तेव्हा ओढ्याकाठच्या एका मोडक्या वेळूतून चिरका आवाज आला. बारकी पोकळीत अडकली होती. वेणूने दातांनी वेळू कुरतडला. तोंड रक्ताळलं, तेव्हा कुठे पोर बाहेर आली. पोरीला पोटाशी धरून ती बराच वेळ तिथेच बसून राहिली.

ती घरी परतली तेव्हा ताराक्का बिळाच्या दारातच होती. तिने वेणूचं तोंड पाहिलं, कापणारी बारकी पाहिली. म्हातारीचे काटे एकदम खाली बसले.

"अगं बाई. म्हणजे पोर खरंच हरवली होती?" ती म्हणाली. "ये, बैस इथे. सांग मला काय झालं ते."

किती दिवसांनी कोणी तिला बैस म्हटलं होतं. सांगायला तिने तोंड उघडलं.

"काय सांगू ताराक्का," ती म्हणाली, "जीव नुसता टांगणीला लागला होता. गळ्यात काही असतं ना, तर लांबूनसुद्धा चमकलं असतं. म्हणून म्हणते, लहान मुलांसाठी खास..."

ताराक्काने दोन माळांची मागणी सांगितली आणि ती आत गेली.

तात्पर्य : पोर हरवलं तर जंगलभर विचारत जरूर फिरावं, मात्र जाताना चार माळा जवळ असाव्यात. पोर सापडेलच असं नाही, गिऱ्हाईक नक्की सापडतं.