भोईरकाकांची बारा पावलं

भोईरकाका लग्नाला गेले की आधी हॉल मोजतात. अहेराचं पाकीट खिशात, अक्षता मुठीत आणि पाय चालू. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग शेजारच्या खुर्चीत बसून हळूच सांगतात, "पत्रिकेत प्रशस्त म्हटलंय. सव्वीस पावलांत संपला."

काका चौतीस वर्षं सरकारी भूमापक होते. पनवेल-उरणकडच्या गावागावांतून जमीन मोजायची साखळी ओढत फिरले. निवृत्त होऊन विचुंब्याला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, पण पाय काही निवृत्त झाले नाहीत. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून दोघे हातघाईवर आले होते, तेव्हा काका गुपचूप खाली जाऊन मोजून आले. "दोघांच्याही गाड्या तिसऱ्याच्या जागेत आहेत," म्हणाले. "आधी हद्द, मग भांडण!" हे त्यांचं आवडतं वाक्य.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे इमारतीतले सगळे रुसलेले प्रिंटर माझ्याच वाट्याला येतात. एका शनिवारी दुपारी काका दारात उभे राहिले, तेव्हा मला वाटलं, प्रिंटरच असणार.

"हा खेळ लावून दे," ते म्हणाले.

हातात सीडीचं कव्हर होतं. बंदूक धरलेला सैनिक, मागे आग. मी लगेच ओळखलं. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा पोरं या खेळापायी लेक्चर बुडवायची. चौकोनी भिंती, ठोकळ्यांचे राक्षस. आज माझ्या सातवीच्या वर्गातली मुलं त्याला हसतील.

"काका, आत सीडी नाही."

"मोडली."

"कशी?"

"मी मोडली," काका म्हणाले आणि माझ्या खिडकीतून दिसणाऱ्या शेजारच्या गच्चीवरच्या टाकीकडे बघत राहिले.

मी तोच खेळ शोधून त्यांच्या कॉम्प्युटरवर घालून दिला. काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले. पडद्यावर एक बोगदा आणि खालून वर आलेला बंदूकधारी हात.

"हा हात कुणाचा?"

"तुमचाच."

"आणि मी कुठाय?"

"तुम्ही दिसत नाही, काका. तुमच्या डोळ्यांना जे दिसेल तेवढंच इथे दिसतं."

"असंच असतं," काका म्हणाले आणि बोगद्याच्या भिंतीच्या कडेने चालू लागले. ओठ हलत होते. एक, दोन, तीन. कोपऱ्यातून एक राक्षस गुरगुरत आला.

"काका, गोळी घाला!"

"का? त्याची जागा असेल. आपणच घुसलोय. सातबारा बघितल्याशिवाय गोळी कशी घालायची?"

पडदा लाल झाला.

"मेलात, काका."

"पण मी मोजत होतो!" काका खरोखर दुखावले होते. त्या दुपारी ते अकरा वेळा मेले, आणि अकराही वेळा मोजतानाच.

मी हसत स्वयंपाकघरात गेले तर काकू भाजी निवडत होत्या. "हसू नको गं," त्या म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात माळा आवरताना ते कव्हर सापडलं. निलेशनं जपून ठेवलेलं."

निलेश त्यांचा एकुलता एक मुलगा. दहावीला असताना दार लावून दिवसभर हाच खेळ. एकदा काकांनी आत जाऊन सीडी काढली आणि गुडघ्यावर मोडली.

"ओरडला असता, रडला असता तर बरं होतं," काकू म्हणाल्या. "काहीच बोलला नाही. मार्क चांगले पडले, इंजिनियर झाला, मेलबर्नला गेला. दर रविवारी फोन करतो. हे म्हणतात, बरं आहे ना? तो म्हणतो, हो. मग हे म्हणतात, आईला देतो. इतकी वर्षं तेवढंच."

पुढे पंधरा-वीस दिवस काका रोज खेळले. नाइलाजाने गोळ्या घालायला शिकले, तरी प्रत्येक वेळी आधी "च्च" करत. टेबलावर आलेखाच्या कागदांचा गठ्ठा वाढत होता. प्रत्येक मजल्याचा नकाशा, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण, स्फोटाच्या पिंपांना लाल खूण. "खेळात उत्तर दिशा कुठली हो?" मी विचारलं. "आपण पहिल्यांदा तोंड करून उभे राहतो ती," काका म्हणाले.

एका संध्याकाळी त्यांच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला म्हणून धावत गेले. काका तिसऱ्या मजल्याचा नकाशा हातात घेऊन खुर्चीवरून उठून उभे होते.

"हितं खोली हाय! बाहेरून भिंत चाळीस पावलं, आतून अठ्ठावीस. बारा पावलं गेली कुठं?" काका तापले की त्यांची गावाकडची बोली वर येते. त्यांनी खेळातल्या भिंतीला अंग लावून बटण दाबलं. दगड घरघरत वर सरकला. आत खरंच एक खोली होती, औषधांच्या पेट्यांनी भरलेली. त्या दिवशी काकांनी मला दोनदा चहा पाजला.

त्यानंतरच्या रविवारी मी प्रिंटरची शाई बदलायला त्यांच्याकडे गेले होते. फोन वाजला. काकांनी तो स्पीकरवर टाकून कॉम्प्युटरजवळ ठेवला.

"बरं आहे ना?"

"हो."

काकू सवयीने हात पुढे करून आल्या. पण काकांनी फोन दिला नाही. घसा साफ केला.

"निलेश, तो तुझा खेळ. बंदुकीचा. मी लावलाय."

पलीकडून, "तुम्ही? बाबा, तुम्ही खेळताय?"

"तिसऱ्या मजल्यावर अडकलोय. म्हणतात तिथे एक लपलेली खोली आहे. मला काही सापडत नाही."

मी काकांकडे बघितलं. पहिल्यांदाच ते माझी नजर चुकवत होते. नकाशांचा गठ्ठा त्यांनी हलकेच पालथा घातला.

"सापडणार नाहीच सहजासहजी!" निलेशचा आवाज एकदम वेगळा झाला. "मला महिना लागला होता. थांबा, मी सांगतो. तुम्ही आत्ता कुठे आहात? समोर काय दिसतंय?"

"जिना दिसतोय."

"चढू नका. मागे वळा. अहो, हळू, डावीकडे पिंप आहे!"

काकूंनी पुढे केलेला हात पदराला पुसला आणि त्या तिथेच पलंगाच्या कडेवर बसल्या. काका चष्मा सावरून पडद्याकडे वाकले. दहावीच्या पोराने पेपर सोडवावा तसे.

"वळलो," ते म्हणाले. "आता?"