वाडी बरी झाल्याबाबत

कापडे गावाच्या वर डोंगरात असलेल्या वरच्या वाडीत गेल्या वर्षभरात एकही माणूस मेला नाही, ही बाब शासनाने अत्यंत गांभीर्याने घेतली.

तशी चूक वाडीची नव्हती. जिथे डॉक्टर जात नाहीत तिथेच डॉक्टर घडवावेत, असं वर कुणाच्या तरी मनात आलं आणि योजना निघाली. शिकाऊ निवासी डॉक्टरांनी वंचित समाजात राहायचं, शिकायचं, आणि खर्च सरकारने सोसायचा. त्या योजनेतून महाडची डॉक्टर उझ्मा वाडीत आली, शाळेशेजारच्या खोलीत बसू लागली. पोरगी नव्या दमाची. तापाला गोळी द्यावी इतपत ठीक. पण ही ताप यायच्या आधीच घरात शिरून पाणी उकळायला लावायची. बघता बघता म्हाताऱ्यांचा खोकला गेला, पोरांची हगवण गेली. आजाऱ्याला डोलीत घालून डोंगर उतरायची वेळच येईना, तेव्हा वाडीतल्या प्रयागबाईने डोलीचा बांबू दुधीच्या मांडवाला लावून टाकला.

मग एक दिवस तालुक्याच्या कचेरीतला जितेश धापा टाकत वर आला.

"प्रयागबाई, तुमच्या वाडीचं अनुदान धोक्यात आहे."

"का रे बाबा? आमी काय केलं?"

"काहीच होत नाही तुम्हाला! तीच तर अडचण आहे. योजना वंचितांसाठी. तुम्ही वंचित राहिलेला नाहीत."

"मंग डॉक्टरीण?"

"जाईल. जिथे गरज आहे तिथे."

"आणि ती गेल्यावर?"

"ती गेली की तुम्ही पुन्हा वंचित व्हाल. मग रीतसर अर्ज करता येईल."

प्रयागबाईने आपल्या घराच्या दाराकडे पाहिलं. तिची सून सेजल दिवस भरत आलेली, मुलगा मुंबईला कामावर. सेजलचं पहिलं बाळ डोलीतच, उताराच्या अर्ध्या वाटेवर गेलं होतं. त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नसे. फक्त उझ्माच्या दारात रोज सकाळी न सांगता दुधाचा तांब्या असे.

"निकषात बसायला वर्षाकाठी निदान दोन मृत्यू लागतात," जितेश हळूच म्हणाला.

जमलेल्या सगळ्यांनी गोमाजीकडे पाहिलं. वाडीत सगळ्यात म्हातारा तोच.

"माज्याकडं काय बघता रे? मी चांगला हाय! कालच डॉक्टरणीनं तपासलाय मना."

"तीच तर पंचाईत हाय, आबा," मागून कुणीतरी म्हणालं.

जितेश मनाचा चांगला. मरायची काही गरज नाही, नुसतं वंचित दिसलं तरी भागेल, असा मार्ग त्याने काढला. समिती येणार होती. समाजाची मूळ स्थिती पाहता यावी म्हणून तपासणीच्या दिवशी डॉक्टरने केंद्रावर थांबू नये, असा आदेशच होता.

वाडी तयारीला लागली. खोकण्याची तालीम सुरू झाली. पोरांना आंघोळ करू नका म्हणून सांगितलं, आणि सरकारचा एवढा कडकडीत अंमल त्या डोंगरात आजवर झाला नव्हता. दुधीचा भरला मांडव उतरवून बांबू मोकळा केला.

उझ्मा मात्र हटून बसली. "मावशी, मी कुठेही जाणार नाही. सेजलचे दिवस भरलेत."

"मंग गोठ्यात बस."

"गोठ्यात?"

"म्हस गरीब हाय गो. काय करीत नाय."

समिती आली. गोमाजी असा खोकला, की गोठ्यातल्या डॉक्टरने स्टेथोस्कोप गळ्यात घातला. समितीचे साहेब खूश झाले. मग त्यांनी डोली बघायला मागितली. गोमाजी डोलीत बसला, विव्हळला. फोटो निघाला.

"वृद्ध नको," साहेब फोटो न्याहाळत म्हणाले. "अहवालाला उठाव येत नाही. गर्भवती कुणी आहे का?"

"नाय," प्रयागबाई म्हणाली. पण दारात सेजल उभी होती, आणि तिचं पोट काही प्रयागबाईच्या ऐकण्यातलं नव्हतं.

"बसते मी, आत्या," सेजल म्हणाली. "डॉक्टरीण ऱ्हाणार असंल तर बसते."

पहिल्या फोटोत ती हसली. वंचितांनी हसू नये, असं साहेबांनी प्रेमाने समजावलं. दुसऱ्या वेळी ऊन पाठीमागून आलं. तिसऱ्या वेळी डोली जरा वरपासून उतरवून आणायचं ठरलं. पुढच्या गड्याचा पाय घसरला, डोली गचकन हलली आणि सेजल किंचाळली.

"वा! हेच, हेच हवं होतं!" साहेबांनी टाळी वाजवली. मग समितीने वाजवली. साहेब वाजवतात म्हणून वाडीनेही वाजवली.

प्रयागबाईचे हात मात्र तसेच राहिले. ही किंकाळी तालमीतली नव्हती. हाक मारली तर डॉक्टरीण वाडीतून जाणार. नाही मारली तर काय जातं, ते तिने एकदा पाहिलं होतं.

"उझ्मा! भायेर ये गो बाय, लवकर!"

डोक्यात गवत, हाताला शेण, अशी डॉक्टर धावत आली. आधी हात धुतले, मग बाकीच्यांना आज्ञा सोडल्या. शाळेशेजारच्या खोलीत मुलगी झाली आणि सगळ्या समितीला गप्प करील अशी रडली.

साहेबांचे डोळे पाणावले. त्या पाणावल्या डोळ्यांनीच त्यांनी शेरा लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला: "सदर समाजास वैद्यकीय सेवा हाकेच्या अंतरावर, गोठ्यातदेखील, उपलब्ध आहे. वंचितता आढळून आली नाही. अनुदान बंद करण्यात यावे."

"साहेब, पण म्होरल्या बाळंतिणीनं काय करायचं?" प्रयागबाईने विचारलं.

"तिचं काही बरंवाईट झालं तर लगेच कळवा, बाई," साहेब कळवळून म्हणाले. "तुम्हाला पहिलं प्राधान्य देऊ."

अनुदान मार्चच्या आत खर्च व्हायचं होतं, म्हणून ते आणि डॉक्टर उझ्मा ठाण्याला गेले. तिथे एका मोठ्या गृहसंकुलात वंचितता सापडली होती. क्लबहाऊसपासून दवाखान्यापर्यंत रहिवाशांना उन्हातून चालत जावं लागत होतं.

महिनाभराने प्रयागबाईने फोन लावला. "बाय, पोरीला उचकी लागलीय गो. ऱ्हात नाय."

"घाबरू नका, मावशी. थोडं दूध पाजू द्या सेजलला, मग खांद्यावर उभी धरा. राहील."

फोनमधून मागचा एक आवाज ऐकू आला. "डॉक्टर, आमच्याकडे बघताय ना? खरं म्हणजे तुमच्यासारख्या तरुण मुलींनी खेड्यात जायला हवं. तिकडे किती गरज आहे!"

"कोण गो तो?"

"पेशंट आहे, मावशी."

"काय झालाय त्याला?"

"काही नाही. तब्येत ठणठणीत आहे."

"मंग तुजं तिथलं अनुदान बंद नाय झालं?"

उझ्मा काही बोलायच्या आत तो आवाज पुन्हा आला. प्रसन्न, जेवून तृप्त झाल्यासारखा.

"आत्ताच डोंगरातल्या एका वाडीच्या अनुदानावर एक गोष्ट वाचत होतो, डॉक्टर. तुमची वाट बघता बघता. फार हसलो!"