मागच्या डब्याचं तेल

जावईबापूंनी सकाळीच जाहीर करून टाकलं, "असं तेल घालतो, की बाबांची जीप चढावर गुणगुणत जाईल!"

लग्नाला सात वर्षं झाली होती. पण डोंगरदऱ्या, ओढे, चिखल तुडवणाऱ्या त्या जीपला सासऱ्यांनी जावयाला कधी बोटही लावू दिलं नव्हतं. आणि आज स्वतः जीप दारात लावून चक्क चावी हातात दिली! "मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्यातलं तेल तेवढं बदला. संध्याकाळी टेकडीवर जाऊ. गाडी तुम्ही चालवायची."

जावईबापूंना आकाश ठेंगणं झालं.

दुसरा कोणी असता तर दुकानातून तेल आणून मोकळा झाला असता. पण या गृहस्थांना एकच खोड, प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी जायचं!

"नव्वद नंबर देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"नव्वदच का?"

"सगळे नेतात म्हणून."

"आणि ओढ्याच्या गार पाण्यात चाकं बुडाली तर? वर चढाला डबा तापला तर?"

दुकानदाराने यांच्या मागची गर्दी पाहिली, पातळ, मध्यम आणि घट्ट अशा तीन बाटल्या यांच्या हातात कोंबल्या आणि म्हणाला, "घरी जाऊन सावकाश विचार करा!"

आता हे काय सांगायला हवं होतं? घरी येताच तीन वाट्या निघाल्या. तेल चिमटीत धरून पाकासारखी तार येते का ते पाहून झालं. गारठ्यात कुठलं आळतं ते बघायला वाट्या फ्रीजरमध्ये गेल्या. मग तापल्यावर कुठलं टिकतं ते बघायला तवा चढला, आणि त्यावर तिन्ही तेलांचे थेंब! गिअरच्या तेलाला मुळातच गंधकाचा वास. तापल्यावर तर विचारूच नका!

बायको आतून धावत आली. "अहो, गॅस गळतोय!"

"थांब गं, घट्टवालं अजून टिकून आहे!"

ऐकतंय कोण! शेगडी बंद, सिलिंडर बंद, खिडक्या सताड उघड्या. शेजारच्या काकूंनी आरडाओरडा ऐकला, त्यांनी वरच्या मजल्याला हाका मारल्या, आणि बघता बघता अख्खी इमारत रस्त्यावर! कोणाच्या हातात इस्त्री, कोणाच्या गालाला साबणाचा फेस. गॅसवाला आला, नळी हुंगली, शेगडी हुंगली, शेवटी तवा हुंगला.

"वहिनी, गळती नाही. साहेबांनी तेल परतलंय."

बायको एवढंच म्हणाली, "त्या तव्यासकट बाहेर व्हा!"

पण शोध लागला होता! मधलं! मधलंच सगळ्यांत उत्तम! जावईबापू आनंदाने जीपखाली घुसले. डब्याच्या तळाचा बोल्ट काढला, जुनं काळं तेल शेवटच्या थेंबापर्यंत घमेल्यात निथळू दिलं. आता नवं तेल भरायला वरचा बोल्ट उघडायचा, की झालं.

वरचा बोल्ट हलेना. पान्याला पाइप लावला, हलेना. पाइपवर उभे राहिले, तेच आपटले. वर भरायची सोय आहे की नाही हे न बघता खालून डबा रिकामा! आणि कोरड्या डब्यावर जीप चालवली तर गिअरचा भुगा.

तेवढ्यात बुटांच्या नाड्या आवळून सासरे हजर. "काय जावईबापू, झालं?"

"बाबा, तेल एकदम अव्वल निवडलंय! पण तो वरचा बोल्ट..."

"नाही ना उघडला?" सासऱ्यांनी सुस्कारा सोडला. "अहो, मी चार वर्षं झटतोय त्याच्याशी! मेकॅनिकनेही हात टेकले. म्हटलं, तुम्ही मुळाशी जाणारे, तुम्हाला जमेल. म्हणून तर चावी दिली!"

जावईबापूंचा चेहरा पडला. सासऱ्यांना ते बघवेना. त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. "एवढं काय मनाला लावून घेता? वरचा उघडल्याशिवाय खालच्याला हात लावणारा येडा थोडाच असतो कोणी! जुन्या तेलावर धावेल अजून. चला, शब्द म्हणजे शब्द. तुम्हीच चालवा!"

आणि ते ऐटीत शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

जावईबापूंनी काळ्या तेलाचं घमेलं पायानेच हळूच जीपखाली सरकवलं.

"बाबा," ते म्हणाले, "आज टेकडीवर चालतच गेलो तर? तब्येतीला बरं असतं म्हणे!"