पुरणाच्या उंड्यावरची मालिश

आमच्या मंगळवार पेठेत तातोबा वस्तादांशी हात मिळवायची कुणाची छाती होत नाही. मिळवलाच, तर तो अर्ध्या तासाने परत मिळतो. तोवर वस्ताद कोपरापासून बोटांपर्यंत दाबून निकाल देतात, "मास्तर, खांदा आखडलाय की! एकाच कुशीवर झोपतायसा व्हय?" एकदा पोस्टातला कारकून खिडकीतून वस्तादांना पावती द्यायला गेला आणि मनगट मोकळं करून घेत बसला. मागची रांग थेट गावाबाहेर, गडमुडशिंगीपर्यंत गेली होती. तुम्ही थोडी कमी धरा.

तालमीत पैलवानांना मालिश करण्यात वस्तादांचा उभा जन्म गेला. पंजा म्हणजे परात! त्यामुळे "बाळाचं माझ्यावर सोडा" म्हणत ते आमच्या दारात उभे राहिले, तेव्हा माझ्या बायकोने आधी दाराची कडी चाचपली.

बाळ म्हणजे माझ्या लेकीचं, सोनालीचं, दोन महिन्यांचं. अंगाने किरकोळ, आवाजाने मात्र साखर कारखान्याचा भोंगा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हलकी मालिश करा, शांत झोपेल. पण सोनाली हातच लावेना. "बाबा, माझ्या हातून काहीतरी मोडेल हो," म्हणायची आणि रडायची. ती थांबली की बाळ सुरू.

"दाब किती द्यायचा, एवढंच न्हवं?" वस्ताद म्हणाले. "पुरण शिजवा."

पोळीचा उंडा भरून पाटावर ठेवला. "वरनं नुसता हात फिरवायचा. पुरण भाईर आलं, नापास!"

आधी मी बसलो. पुरण थेट छताला.

"मास्तर, तुमी बाळापासनं लांब ऱ्हावा."

सोनालीचा उंडा मात्र शाबूत राहिला. तिने स्वतःच्या हातांकडे असं पाहिलं, जणू ते आत्ताच बसवून आणलेत.

सकाळच्या उन्हात, वाऱ्याची खिडकी लावून बाळाला आणलं. वस्ताद हात पाठीमागे बांधून उभे. "दूध पिऊन येळ झालाय न्हवं? मग तेल कोमट हाय का बघ, तळव्यावर चोळ. पायापासनं वर. पोटावर गोल, अलगद. नाकाकानात थेंब न्हाय घालायचा, कोण का सांगंना!"

बाळाने कपाळाला आठी घातली.

"थांब! त्येच्या तोंडाकडं बघ. त्येला नगं असंल तर आपुनबी नगं."

आठी गेली. हात पुन्हा फिरू लागला.

"वस्ताद, तुम्हीच करा ना," सोनाली म्हणाली.

"न्हाय बाय. माझा हात खरबरीत. त्येला तुझ्या हाताची वळख पायजे."

आंघोळ झाली, दुपट्यात गुंडाळलं आणि भोंगा बंद! घरात इतकी शांतता पसरली की शेजारीण काळजीने डोकावून गेली. बाळ झोपलं होतं. सोनाली कित्येक दिवसांनी हसली.

वाटीत तेल उरलं होतं. "वस्ताद, हात द्या."

"मला कशाला?"

तिने हात ओढलाच. भेगाळलेल्या तळव्यावर हळूहळू तेल चोळू लागली. वस्ताद पुटपुटले, "आमची ही गेली, तवापासनं ह्या हाताला कुणी तेल लावलं न्हवतं, बाय."

मग मान कलली. खुर्चीतच असे घोरू लागले की फडताळातली भांडी नाचली. बाळ मात्र हललंही नाही.

मी वस्तादांना उठवायला पुढे झालो. सोनालीने ओठांवर बोट ठेवलं आणि त्यांचा दुसरा हात मांडीवर घेतला.